लोमट्यांची हिरवी फाईल

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आतल्या लॉकरमध्ये सोन्याची पोत होती, चांदीची जोडवी होती, उद्धवराव लोमट्यांचं कंपनीचं जुनं ओळखपत्र होतं. नव्हती ती एवढी हिरवी फाईल.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास नवनाथ लोमटेने हे फोनवर सांगितलं, तेव्हा वकील आम्रपाली ओव्हाळ पिंपळे गुरवच्या आपल्या ऑफिसात त्याच लोमट्यांचे कागद लावत बसली होती. ऑफिस म्हणजे काय, जिन्याखालचा एक गाळा. दोन खुर्च्या मांडल्या की तिसऱ्या माणसाने उभं राहायचं. काम साधं होतं. उद्धवराव चाकणच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि गेल्या वर्षी वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं, त्यामुळे तळवड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट बायको, मुलगा आणि मुलगी अशा तिघांकडे सारख्या हिश्श्याने आला. आता आई आणि बहीण हक्कसोडपत्र करून आपले हिस्से नवनाथला देणार, नवनाथ फ्लॅट विकून मोशीत मोठा घेणार, बहिणीचं बहिणीला पोचवणार. बुधवारी अकराला नोंदणी ठरलेली. अशी हक्कसोडपत्रं आम्रपालीने पन्नासेक तरी केली असतील. बहिणी ठेवणीतली साडी नेसून येतात, दाखवलं तिथे सही करतात आणि भावाने पाजलेला चहा पिऊन जातात.

मसुदा तिने झेरॉक्सवरून केला होता. पण गिऱ्हाईक मूळ करारनामा हातात घेतल्याशिवाय पुढे येणार नव्हतं, आणि मूळ करारनामा त्या हिरव्या फायलीत होता.

"घरातलंच कुणीतरी आहे, मॅडम," नवनाथ म्हणाला. "किल्ली देव्हाऱ्यात असते हे बाहेरच्याला कसं माहीत असणार? रविवारी वर्षाली येऊन गेली, मोठी पिशवी घेऊन. उद्या संध्याकाळी सहापर्यंत फाईल मिळाली नाही, तर मी चौकीत तिचं नाव देणार."

"सख्ख्या बहिणीचं?"

"सख्खी आहे म्हणूनच ओळखतो ना."

बुधवारची नोंदणी पुढे ढकलते, असं सांगून आम्रपालीने फोन ठेवला. हरवलेल्या कागदाला उपाय असतो, कायद्यात तसे तीन-चार सापडतात. तक्रारीत एकदा लिहिलेल्या बहिणीच्या नावाला मात्र नसतो. एकाच आईची दोन लेकरं कोर्टाच्या व्हरांड्यात दोन टोकांच्या बाकांवर बसलेली तिने इतक्यांदा पाहिली होती की त्यांच्यातलं अंतर तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

उद्या संध्याकाळी सहा. आणि पाळणाघर सातला बंद होतं.

२

बुधवारी सकाळी लेकीला, दिव्याला, पाळणाघरात सोडून ती तळवड्याला गेली. दिव्याने आज रडून घेतलं नाही, नुसती पाठ फिरवली. ते जास्त लागलं.

दार नवनाथच्या आईने, यशोदाबाईंनी उघडलं. साठीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, बोलणं अजून बीडकडचं. तीस वर्षं इथे राहूनही जिभेवरून गाव उतरलेलं नव्हतं. त्यांनी कपाट उघडून दाखवलं, देव्हाऱ्यातली किल्ली दाखवली, आणि न विचारता पोळ्या लाटायला घेतल्या.

फाईल शनिवारी सगळ्यांनी पाहिली होती. त्या दिवशी उद्धवरावांचं वर्षश्राद्ध होतं. जेवणं झाल्यावर नवनाथने ती काढून पानं मोजली आणि सगळ्यांसमोर परत आत ठेवली. त्यानंतर घरात तिघं आली. रविवारी मुलगी वर्षाली. सोमवारी एजंट प्रीतम, गिऱ्हाइकाला फ्लॅट दाखवायला. मंगळवारी सकाळी सून तेजस्विनी, आवराआवरीला. मंगळवारी दुपारी लॉकर उघडलं तर जागा रिकामी.

आम्रपाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ऐकत होती. घर स्वच्छ होतं, एका माणसाचं घर असतं तितकं. एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा. कोपऱ्यात गव्हाची पत्र्याची कोठी, वर घडी घातलेलं पोतं. कोठीच्या बुडाशी कडुनिंबाची चार हिरवी पानं पडली होती. ओट्यावर दुकानातल्या तयार पिठाची पिशवी होती, कात्रीने कोपरा कापलेली.

"गिरणीचं पीठ नाही वापरत का, मावशी?"

"वापरते की. सोमवारी गेले तर लाईट न्हवती. बंद होती गिरणी." त्यांनी पोळी उलटली. "ह्या पिठाला चव न्हाई. खा, माय, भाजी जास्ती घेऊन खा."

रोज पाचला जाग येते, म्हणाल्या. पावणेसहाला पहिल्या शिफ्टची बस कोपऱ्यावर हॉर्न देते. मालक होते तेव्हा त्या हॉर्नच्या आत डबा भरून तयार असायचा. आता डबा नाही, पण उठायची सवय कुठे ठेवायची? मग केर काढतात. मग परत काढतात. नवनाथ रविवारी येतो, म्हणजे आला तर. फाईल गेल्यापासून मात्र सारखे फोन येतात बघा सगळ्यांचे.

भिंतीवरच्या नव्या वर्षाच्या एकपानी कॅलेंडरावर आम्रपालीची नजर गेली. पहिल्या सहा महिन्यांवर निळ्या पेनाने गोल होता, नंतरच्या सहांवर लाल.

निघताना यशोदाबाई दारापर्यंत आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी हळूच विचारलं, "वकीलबाई, कागदच न्हाई म्हटल्यावर घराचं आता काहीच होत न्हाई ना?"

म्हातारीला घोर लागलाय, असं आम्रपालीला वाटलं. घाबरू नका, काढू काहीतरी मार्ग, असं सांगून ती जिना उतरली. खाली उतरेपर्यंत तिला उगीच वाटत राहिलं, की या उत्तराने बाईंचा चेहरा उजळायला हवा होता. तो तर पडला होता.

३

प्रीतम चौकातल्या टपरीवर भेटला. कानात एक फोन, हातात दुसरा.

"ताई, मी कशाला चोरू?" तो हसत म्हणाला. "मूळ कागद गेला की गिऱ्हाईक बिचकतं, एवढंच. पेपरात जाहीर नोटीस द्यायची, नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढायची, महिनाभरात गाडी रुळावर. असली पाच-सहा प्रकरणं वर्षाला करतो मी. चोरी करून माझाच महिना वाया घालवू होय?"

म्हणणं खोटं नव्हतं. सोमवारी गिऱ्हाईक आणि तो मिळून सात-आठ मिनिटं आत होते, आणि गॅलरीतून कंपन्यांचा धूर दिसतो का यापलीकडे गिऱ्हाइकाने काही विचारलं नव्हतं.

दुपारी ती देहूरोडला गेली. वर्षाली तिथल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात होती. टेबलावर लोकांच्या घरांच्या फायलींचा ढीग, लाल, निळ्या, हिरव्याही. भावाला आपला संशय आहे हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण कळायचं ते कळलंच. तिने ढीग बाजूला सारला.

"मला ती फाईल पळवून काय मिळणार, सांगा ना. सही करायची नसती, तर मी नोंदणीला आलेच नसते. माझ्या सहीशिवाय दादा एक वीट हलवू शकत नाही. माझी सही हेच माझं कुलूप आहे, मॅडम. ज्याच्याकडे कुलूप आहे, तो चोरी कशाला करेल?"

पिशवीत काय होतं, असं आम्रपालीने विचारल्यावर मात्र तिने आधी आजूबाजूला पाहिलं. मग टेबलाच्या खणातून तिने एक करडा, कोपरांवर विरलेला स्वेटर काढला. थर्ड शिफ्टला बाबा हा घालायचे. कपाटात वरच होता. इथे एसी फार लागतो, म्हणून आणला.

"दादाला सांगू नका," ती म्हणाली. "हसेल तो."

कॅलेंडरावरचे गोल तिनेच काढले होते. फ्लॅट विकला की आई सहा महिने दादाकडे आणि सहा महिने देहूरोडला. दोघांनी बसून ठरवलं, भांडण नको म्हणून. आईला विचारलं का, यावर वर्षालीला प्रश्नच नीट कळला नाही. "आई कशाला नाही म्हणेल? आईने कधी कशाला नाही म्हटलंय?"

तेजस्विनी फोनवर भेटली. तिचा सूर सुनेचा, आधी गोड आणि मग आंबट. "अहो, एवढं काय त्या फायलीचं. आमच्या माहेरी पुरात सगळे कागद गेले होते, पंधरा दिवसांत नकला मिळाल्या. यांनाही तेच सांगतेय कालपासून. आणि आमच्यावर कुणाचा विश्वास आहे म्हणा. काल म्हटलं, आई, गहू पाखडून देते. तर कोठीला हात लावू दिला नाही. गव्हाचीसुद्धा मालकी सोडवत नाही माणसाला."

देहूरोडहून परतताना रिक्षात आम्रपालीने बोटांवर मोजलं. एजंटला माहीत, मुलीला माहीत, सुनेला माहीत. नवनाथच्या राहत्या फ्लॅटचा करारनामा तर गृहकर्जाच्या बँकेत पडून होता. तो गेली सहा वर्षं झेरॉक्सवरच राहत होता. कागद गेला म्हणून घर जात नाही, अडतही नाही, हे यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग निव्वळ महिन्याभराच्या खोळंब्यासाठी सोनं सोडून कागद कोण उचलेल?

रिक्षावाला वीजमंडळाला शिव्या देत होता. उद्या गुरुवार, म्हणजे उद्या परत दिवसभर लाईट नाही.

आम्रपाली ताठ बसली. लाईट जाते ती गुरुवारी. यशोदाबाईंनी सोमवार सांगितला होता.

"दादा," ती म्हणाली, "तळवड्याला घ्या. पिठाच्या गिरणीपाशी."

४

गिरणी सुरू होती. ज्ञानदेव गिरणीवाला मूळचा तळवड्याचाच. भुवयांवर पीठ, आवाज पट्ट्याच्या वर चढवलेला.

"सोमवारी बंद? न्हाई बा. गुरवार सोडला तं आमी रोज हाय हितं." त्याने फळीवरून एक रिकामा डबा खाली घेतला. पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं: उ. ग. लोमटे. "ह्यो बघा मावशीचा डबा. मागल्या हप्त्याला झाकण बसना म्हनून ठोकायला ठिवला, पीठ पिशवीतनं न्हेलं. सोमवारी येते म्हनली व्हती. आलीच न्हाई. तीस वर्सांत सोमवार चुकला न्हाई तिचा. आजारी हाय का?"

आजारी नाही, आम्रपाली म्हणाली. तिने डबा मागून घेतला.

रस्त्यापलीकडे लोमट्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी कडुनिंब होता. हाताला येईल इतकी खालची एक डहाळी मोडलेली होती, साल अजून ओली. कोठीत पाला घालतात तो वैशाखात, नवा गहू भरताना. तिची आईही घालायची. आता डिसेंबर होता. डिसेंबरात कोठी कोण भरतं? ज्याने ती रिकामी केली असेल, तोच. आणि भरल्यावर तिला परत हात लावायचा नसेल, तर सोमवारची गिरणी चुकते.

फाटकाशी उभ्याउभ्या तिला सकाळचा प्रश्न पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी नीट ऐकू आला. घराचं आता काहीच होत नाही ना? त्यात घोर नव्हता, आशा होती.

तिला आपलं भाड्याचं घर आठवलं. चार वर्षांत तिसरं. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी नव्या भिंती, आणि नवरा बुद्धरत्न नोकरीपायी गुजरातेत; रविवारी फोनवर दिव्या त्याला स्क्रीनवर हात लावून बघते. आपण पन्नास बायकांना सही कुठे करायची ते दाखवलं. यशोदाबाईंनाही दाखवलं होतं, महिन्यापूर्वी, मसुद्यावर पेन्सिलची फुली मारून. तुमचं काय म्हणणं आहे, असं किती जणींना विचारलं?

सव्वापाच झाले होते. तिने नवनाथला आणि वर्षालीला एकच निरोप धाडला: फाईल कुठे आहे ते कळलंय, आईकडे या.

५

पावणेसहाला सगळे बाहेरच्या खोलीत होते. नवनाथ उभा, चौकीत द्यायचा अर्ज खिशात. तेजस्विनी खुर्चीच्या कडेवर. वर्षाली दाराशी, चपला अजून पायात. यशोदाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, कोठीकडे पाठ करून.

"चोराला सोनं नको होतं," आम्रपालीने सुरुवात केली. "त्याला फक्त घर विकलं जायला नको होतं. पण फाईल गेल्याने विक्री थांबत नाही, महिनाभर लांबते. नक्कल मिळते. प्रीतमचा तर तो धंदाच आहे. वर्षालीताई रोज अशा फायली हाताळतात. तेजस्विनीताईंच्या माहेरच्या नकला आल्या होत्या. नवनाथ, तुमचा स्वतःचा मूळ कागद कित्येक वर्षं बँकेत आहे. चौघांपैकी कुणी हा वेडेपणा करणार नाही. हा उद्योग ज्याला वाटतं की कागद म्हणजेच घर, त्याचा आहे. आणि दुसरं, वर्षालीताई मला म्हणाल्या, त्यांची सही हेच त्यांचं कुलूप. म्हणजे चोर असा, ज्याच्याकडे तसंच कुलूप आहे, पण ते आपल्याकडे आहे हे त्याला कुणी कधी सांगितलंच नाही."

नवनाथने घड्याळाकडे पाहिलं.

"मला नाव घ्यायचं नाही. पण सहा वाजता एक नाव चौकीत जाणार आहे."

"कुणाचं?" यशोदाबाईंनी विचारलं.

नवनाथ खाली बघायला लागला. वर्षालीने त्याच्याकडे पाहिलं, खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे पाहिलं, आणि ते नाव कुणाचं ते तिला कळलं.

यशोदाबाई उंबरा धरून उठल्या. "नवनाथ, सतरंजी हातर. कोठी मोकळी करू लागा. माझ्यानं एकटीनं एकदाच झालं ते, परत न्हाई व्हायचं."

मग थोडा वेळ त्या घरात फक्त गव्हाचा आवाज होता. नवनाथ मापाने काढत होता, वर्षाली ओंजळीने, तेजस्विनी सुपाने. सतरंजीवर पिवळसर ढीग वाढत गेला. एकदा भावाबहिणीचे हात एकाच वेळी आत गेले आणि कोपर कोपरावर आपटलं. कुणीच हसलं नाही, पण हातही कुणी लगेच मागे घेतला नाही. तळाशी प्लॅस्टिकात गुंडाळलेली फाईल होती, वर-खाली कडुनिंबाचा पाला.

"भुंगा लागू नये म्हणून," यशोदाबाई म्हणाल्या.

"आई, तू बोलली का नाहीस?" नवनाथ माप हातात धरूनच म्हणाला.

"काय बोलू? तुझ्या बापाला कधी न्हाई म्हणाले न्हाई. तुम्हाला कसं म्हणायचं ते मला येत न्हाई. भिंतीवर तुम्ही माझे महिने वाटून घेतले, मी रोज बघते. ते पुसायला पण हात धजला न्हाई." त्या खाली बसल्या, गव्हातला खडा वेचून बाजूला ठेवला. "हितं पावणेसहाला बस हॉर्न देते. त्याला मी उठते. तुमच्याकडं मला कोण हॉर्न देणार?"

आम्रपाली त्यांच्यासमोर गव्हात मांडी घालून बसली. जे महिन्यापूर्वी सांगायला हवं होतं, ते तिने आता सांगितलं. या घराचा तिसरा हिस्सा तुमचा आहे. तुमच्या सहीशिवाय हे घर विकलं जात नाही, आणि ती सही कुणी जबरदस्तीने घेऊ शकत नाही. मुलगा वाटणीसाठी कोर्टात जाऊ शकतो, तेही खरं. तो तसा जाईल का, ते त्यालाच विचारा. पण फाईल लपवायची गरज नाही. नाही म्हटलं की पुरतं.

यशोदाबाईंनी लेकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. शब्द इतका हळू आला, की त्यांनाच तो पुन्हा म्हणून बघावासा वाटला. "न्हाई द्यायची मला सही."

नवनाथने खिशातला अर्ज काढला. त्याचे चार तुकडे केले आणि ते कुठे टाकावेत हे न कळून मुठीतच धरून ठेवले. मोशीच्या बिल्डरला कळवतो, एवढंच म्हणाला. तेजस्विनीने कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं, मग दोघं निघाली. वर्षाली भावाशी न बोलता गेली. जाताना आईला म्हणाली, रविवारी येते.

साडेसहाला आम्रपाली उठली. यशोदाबाईंनी तिने आणलेल्या डब्यात पाच मापं गहू ओतला आणि डबा तिच्या हातात दिला. "जाता जाता गिरणीत ठेवशील, माय? गुडघे धरलेत आज."

दारातून तिने वळून पाहिलं. खोली रिकामी झाली होती. दिवा लावून यशोदाबाई एकट्याच कोठी परत भरत होत्या, एकेक माप, सपाट करून. त्यांना कसली घाई नव्हती. घर त्यांचं होतं आणि त्यात दुसरं कुणी नव्हतं.

गिरणीवर ज्ञानदेवने डबा हातात घेऊन फिरवला. मालक तर गेले, म्हणाला, आता कुणाच्या नावाने लावू?

"यशोदाबाई लोमटे."

त्याने जुन्या अक्षरांखाली खडूने लिहिलं, आणि खडू तसाच धरून थांबला. घरचं आणखी कुणाचं नाव घालायचं की एकच?

"एकच," आम्रपाली म्हणाली, आणि पाळणाघराकडे चालू लागली.